दुष्काळाच्या आठवणी आणि पंडिता रमाबाई

पुण्याहून दौंडमार्गे बारामतीला किंवा इंदापूर तालुक्यातील भिगवणला जाणारी रेल्वे केडगाववरून जाते. याच केडगावात पंडिता रमाबाईंनी दुष्काळाने पोरक्या झालेल्या शेकडो मुलींना आसरा दिला. अशा मुलींचे दुःख त्यांनी स्वतः भोगले होते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह गावोगाव फिरून पुराण सांगत. १८७४ च्या सुमारास दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. भाऊ श्रीनिवास यांच्यासोबत पायी भटकत त्या १८७८ मध्ये कोलकात्याला पोहोचल्या आणि तिथे त्यांना 'पंडिता' ही पदवी मिळाली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये कॉलऱ्याने पतीही गेले. पदरात तान्ही मनोरमा होती.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले; पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. १८९६ मध्ये मध्य प्रांतातील दुष्काळाची बातमी कळताच त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. केडगावच्या 'मुक्ती'मध्ये त्यांना जेवण, औषधपाणी, शाळा, शेतीकाम, विणकाम आणि छपाईचे काम मिळाले. अंध मुलींना ब्रेल शिकवले जाई. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले.

त्या काळी मानसिक आघातावर वेगळे उपचार नव्हते. आज आहेत. अपघात, पूर, अत्याचार किंवा जवळच्या माणसाचा आकस्मिक मृत्यू यांनंतर वाईट स्वप्ने पडणे, दचकणे, तो प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर उभा राहणे, ती जागा टाळणे असे महिन्याहून अधिक काळ चालले, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे. बोलून केल्या जाणाऱ्या उपचारांबरोबर 'ईएमडीआर' हाही एक पर्याय आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ पासून ही पद्धत विकसित केली. रुग्ण तो प्रसंग थोडा वेळ मनात आणतो आणि त्याच वेळी उपचारकाच्या हलत्या बोटांमागे नजर डावी-उजवीकडे फिरवतो. आठवण पुसली जात नाही, पण तिची धार बोथट होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये या पद्धतीची शिफारस केली.

मात्र हा उपचार थेट डोळ्यांच्या हालचालींनी सुरू होत नाही. आधी रुग्णाची माहिती घेतली जाते, त्याला सुरक्षित वाटेल आणि मन शांत ठेवता येईल अशी तयारी करून घेतली जाते. म्हणून व्हिडिओ पाहून तो घरी करू नये. प्रशिक्षित व्यक्तीकडूनच घ्यावा. केडगावला आलेल्या मुलींनाही रमाबाईंनी आधी सुरक्षित छप्पर, पोटभर जेवण आणि ठरलेला दिनक्रम दिला होता. सावरण्याची सुरुवात आजही तिथूनच होते. कुठे जावे हे कळत नसेल, तर 'टेली मानस'च्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर फोन करता येतो.