चाळीस वर्षांचा विद्यार्थी

दादासाहेब फाळके हे नाव उच्चारले की आपल्यापुढे एक ठरलेले चित्र उभे राहते. मुंबईत एका तंबूत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट चालू आहे, प्रेक्षकांत बसलेले फाळके पडद्याकडे टक लावून पाहत आहेत, आणि त्याच क्षणी भारतीय चित्रपटाचा जन्म होत आहे. शाळेच्या धड्यातून, भाषणांतून आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून आपण हीच कथा ऐकत आलो. तीत खोटे काही नाही. तथापि ही घटना १९१०-११ च्या सुमारासची आणि फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा. म्हणजे तंबूत बसलेला तो गृहस्थ चाळीस वर्षांचा होता. मग त्याआधीची चाळीस वर्षे तो काय करीत होता? या प्रश्नाने मला गेले वर्षभर सतावले. त्याचे जे उत्तर मला गवसले ते एका वाक्यात सांगता येईल : तो शिकत होता.

फाळक्यांचे मूळ नाव धुंडिराज गोविंद फाळके. जन्मगाव नाशिकजवळचे त्र्यंबकेश्वर. वडील संस्कृतचे शास्त्री. अशा घरातल्या मुलाने पोथ्या वाचाव्यात आणि शास्त्री व्हावे हा शिरस्ताच होता. वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकविण्याची नोकरी मिळाली आणि बिऱ्हाड मुंबईस आले. पण धुंडिराजाचे लक्ष पोथीपेक्षा चित्रांत आणि सोंगे-नाटकांतच अधिक. १८८५ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने जे. जे. कलाशाळेत नाव घातले. शास्त्र्याच्या घरात कुंचला शिरला. जेथून पूर्वी कोणी गेले नाही अशा वाटेने जाणाऱ्या मुलाला घरात काय काय उत्तरे द्यावी लागतात, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

पुढे थोरल्या बंधूंबरोबर ते बडोद्यास गेले. बडोद्यात त्या वेळी सयाजीराव महाराजांचा काळ होता. १८९० साली तेथे कलाभवन नावाची संस्था सुरू झाली. त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाने ती आकारास आणली. तेथे रंगकाम, वास्तुकाम, मूर्तिकाम, छायाचित्रण अशा गोष्टी शिकवीत, आणि त्या हाताने करून पाहाव्या लागत. फाळक्यांना ही जागा मानवली. ते तैलरंग शिकले, जलरंग शिकले, मातीचे नमुने घडवू लागले, कॅमेरा हाताळू लागले. १८९२ च्या अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची एक प्रतिकृती करून ठेवली आणि तिला सुवर्णपदक मिळाले. विद्यार्थिदशेतले हे त्यांचे पहिले मोठे काम. त्यात इमारतीची आखणी, रंगकाम आणि रंगभूमीचे ज्ञान या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या हे मुद्दाम ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

गज्जरांनी या विद्यार्थ्याची ओढ ओळखली आणि त्याला रतलामला ब्लॉक करण्याची कला शिकण्यास पाठविले. येथे थोडे थांबते, कारण ही कला काय होती हे कळल्यावाचून पुढचे फाळके कळणार नाहीत. रंगीत चित्र छापायचे तर आधी त्याचे तीन फोटो घ्यावे लागत : एक निळ्या काचेतून, एक हिरव्या काचेतून, एक तांबड्या काचेतून. त्यांवरून अनुक्रमे पिवळ्या, लाल आणि निळ्या शाईचे तीन ठसे तयार होत. फोटो घेतानाच मध्ये बारीक उभ्या-आडव्या रेघांची काच ठेवीत. त्यामुळे चित्राच्या छटा लहानमोठ्या ठिपक्यांत फुटत. मग तांब्याच्या पत्र्यावर ते ठिपके उतरवून मधला भाग रसायनाने खाऊन टाकायचा. तिन्ही ठसे एकावर एक छापले की मूळ चित्र उमटे. यातला एक ठसा केसभर सरकला तरी ओठांचा रंग हनुवटीवर गेलाच म्हणून समजा!

हे मी इतक्या आत्मविश्वासाने लिहिते त्याचे कारण आहे. दुपारी कॉलेज सुटल्यावर मी आमच्या गावातल्या एका छापखान्यात कामाला जाते. लग्नपत्रिका, हस्तपत्रके, दुकानांचे फलक यांची मांडणी संगणकावर करते. आता तीनऐवजी चार रंग असतात आणि ते वेगळे करण्याचे काम यंत्र क्षणात करते. पण छापताना रंग सरकला की कागद फुकट जातो तो जातोच. पहिल्याच महिन्यात माझ्या चुकीने एका पत्रिकेतला गणपती दोन सोंडांचा झाला होता. शंभरेक कागद रद्दीत गेले. त्या दिवशी फाळक्यांच्या त्या तीन काचा मला पहिल्यांदा खऱ्या वाटल्या.

शिक्षण पुरे झाल्यावर फाळक्यांनी गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. तो धड रुजला नाही तोच प्लेगची साथ आली आणि तिने त्यांची पत्नी व मूल दोन्ही नेले. उभा संसार असा उन्मळून पडल्यावर माणसाने काय करावे? फाळके बडोद्यास परतले आणि पुन्हा हाताला मिळेल ते काम करू लागले. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. एका परदेशी जादूगाराकडून जादूचे प्रयोग शिकले आणि स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटी करून प्रोफेसर केळफा या नावाने खेळही केले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. १९०३ मध्ये त्यांना सरकारच्या पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि नकाशे-आराखडे काढणारा म्हणून नोकरी लागली. बायकोमुलांच्या माणसाला सरकारी नोकरी म्हणजे केवढा आधार! परंतु स्वदेशीचे वारे वाहू लागले होते आणि आपल्या कलेचा स्वतंत्र धंदा असावा हा ध्यास त्यांना स्वस्थ बसू देईना. काही वर्षांतच त्यांनी ती नोकरी सोडली.

त्यानंतरचा मुक्काम लोणावळा. येथे त्यांनी ब्लॉक करण्याचा आणि छपाईचा कारखाना काढला. जवळच मळवलीला राजा रविवर्म्यांचा प्रसिद्ध छापखाना होता. तो १८९४ मध्ये मुंबईत निघाला, पुढे मळवलीच्या बाजूस हलला आणि कालांतराने जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्याकडे गेला. आपल्या आजी-पणजीच्या देवघरांत ज्या लक्ष्मी-सरस्वती आल्या त्या या छापखान्यातून. तेथील छपाई दगडावरची. चिकट मजकूर ओल्या दगडावर शाई धरतो आणि बाकीचा ओला भाग शाई झिडकारतो, एवढ्या साध्या तत्त्वावर ती चाले. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. फाळके या छापखान्यासाठी फोटोच्या साहाय्याने दगडावर चित्र उतरविण्याचे काम करून देत. म्हणजे पुढे ज्या राम-कृष्णांना त्यांनी पडद्यावर चालविले, त्या देवांची रूपे त्यांच्या बोटांखालून आधी दगडावर गेली होती.

१९०८ च्या सुमारास कारखाना मुंबईस दादरला आला, भांडवलदार भागीदार मिळाले आणि लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स हे नाव पडले. १९०९ मध्ये रंगीत छपाईची नवी यंत्रे व तंत्र पाहण्यासाठी फाळके जर्मनीस गेले. वय एकोणचाळीस, आणि पुन्हा विद्यार्थी! परत आल्यावर छापखान्याचा लौकिक वाढला. पण भागीदारांशी मतभेद झाले आणि एके दिवशी फाळके हात हलवीत बाहेर पडले. वर्षानुवर्षांची मेहनत त्या इमारतीत राहिली. याच सुमारास डोळ्यांनीही दगा दिला. काही काळ त्यांना जवळजवळ दिसेनासे झाले. वैद्यकीय उपचारांनी आणि चष्म्यांनी दृष्टी परत आली, पण चित्रकाराला तो काळ कसा गेला असेल याची कल्पनाच केलेली बरी.

आमच्याकडे अशा माणसाला एक म्हण तयार असते : एक ना धड, भाराभर चिंध्या. चाळिशी गाठलेले फाळके पाहून त्यांच्या नातलगांच्या मनात हीच म्हण आली असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. चित्रकला अर्धी, छायाचित्रण बुडालेले, जादू सुटलेली, नोकरी सोडलेली, छापखाना गेलेला, वर डोळे अधू. यशाचा हिशेब मांडला असता तर बेरीज शून्य आली असती.

आणि मग तो तंबू. आता या प्रसंगाकडे पुन्हा पाहावे. पडद्यावरचा ख्रिस्त शेकडो लोक पाहत होते. पण हे चित्र कसे घडले असेल, कोणती भिंग, कोणते रसायन, कोणता पडदा, कोणती हातचलाखी, हे मनात उलगडू शकणारा माणूस त्या गर्दीत क्वचितच दुसरा असेल. फिल्म धुणे म्हणजे ब्लॉकवाल्याचा अंधारखोलीतला रोजचा उद्योग. देखावे उभारणे म्हणजे नाटकाचे पडदे. चमत्कार दाखविणे म्हणजे केळफा. एकामागून एक चौकटी काटेकोर जुळवणे म्हणजे तीन रंगांचे ठसे जुळवणे. त्या चिंध्यांची गोधडी शिवून तयार होण्याची वेळ आली होती.

मात्र ती आपोआप शिवली गेली नाही. विम्याची पॉलिसी गहाण पडली. १९१२ च्या फेब्रुवारीत फाळके लंडनला गेले, तेथील निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले आणि विल्यम्सन कॅमेऱ्याची मागणी नोंदवून परतले. भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत रोपाच्या वाढीचा छोटा चित्रपट केला. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली. मला विचाराल तर त्यांच्या साऱ्या कामांत हे एवढेसे काम मला सर्वांत आवडते. शिकणाऱ्याचे काम असेच असते. रोज पाहिले तर काही हलत नाही, एकत्र पाहिले तर वेल भिंतीवर चढलेली असते.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. लांबी सुमारे ३,७०० फूट. स्त्रिया काम करण्यास तयार नसल्यामुळे तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या तरुणाने केली. हे सर्व ठाऊक असते. कमी ठाऊक असते ते सरस्वतीबाई फाळके यांचे नाव. त्या काळी कोरी फिल्म घरीच अंधारात बसून भोके पाडून घ्यावी लागे. ते काम बाई करीत. फिल्म धुण्यात त्यांचे हात असत आणि कंपनीतल्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच हातांनी होई. दागिनेही या उद्योगात गेले. कोणत्याही कलाशाळेत नाव न घालता त्या हे शिकल्या. त्यांना मात्र कोणी पदक दिले नाही. म्हणून या लेखात त्यांचे नाव फाळक्यांच्या बरोबरीने घ्यावे असे मला वाटते.

पुढचा काळ यशाचा तसा उताराचाही. १९१७ च्या ‘लंकादहन’ने अमाप गर्दी खेचली. १९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. आगकाड्या हलवून केलेल्या गमतीच्या पट्ट्या आणि चित्रपट कसे तयार होतात ते दाखविणारा लघुपटही त्यांनी काढला. स्वतः शिकलेले दुसऱ्याला दाखवावे ही वृत्ती सुटली नाही. पण भागीदारांशी पुन्हा बिनसले. ते रागाने कंपनी सोडून काशीस गेले, काही काळाने परतले. व्यवहार त्यांना कधी साधला नाही, आणि माझ्या मते जुळवून घेणे ही एकच विद्या ते शिकले नाहीत. मग चित्रपट बोलू लागला आणि जमाना पुढे निघून गेला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा बोलपट शेवटचा ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. अखेरच्या दिवसांत गर्दी नव्हती आणि पैसाही नव्हता. त्यांच्या नावाचा मोठा पुरस्कार १९६९ मध्ये सुरू झाला, म्हणजे पंचवीस वर्षांनंतर.

हे चरित्र मी का लिहिले ते सांगून थांबते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. त्यामुळे घरचे अधूनमधून विचारतात, बी. ए. करायचे की छापखाना, एक काय ते ठरव. दोन दगडांवर पाय नको. त्यांची काळजी खोटी नाही. दरमहा हातात काही पडावे असे त्यांना वाटते, मलाही वाटते. फाळक्यांचे चरित्र वाचून याचे सोपे उत्तर मिळत नाही. धाडसाची किंमत त्यांच्या घराने किती मोजली ते वर आलेच आहे, आणि ते सारे विसरून केवळ स्फूर्ती घ्यावी इतकी मी भाबडी नाही.

पण एक गोष्ट मला पटली आहे. कामाच्या जागी हाताने शिकलेले वाया जात नाही. ते कधी उपयोगी पडेल हे आधी सांगता येत नाही, एवढेच. फाळक्यांना त्यासाठी चाळीस वर्षे थांबावे लागले. मी दोन्ही चालू ठेवायचे ठरवले आहे. सकाळी वर्गात बसते, दुपारी यंत्रापाशी उभी राहते. आणि गणपतीची सोंड आता एकच येते.