खंड्याचे धनी

साताऱ्याहून पूर्वेला निघाले की थोड्याच वेळात कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम लागतो. ही संगम माहुली. जुनी देवळे, नदीत उतरणारे घाट आणि सातारच्या राजघराण्यातील माणसांच्या समाध्या. या थोरामोठ्यांच्या शेजारी एक स्मारक चक्क कुत्र्याचे आहे. कुत्र्याचे नाव खंड्या. त्याचे धनी म्हणजे शिवाजी महाराजांचे नातू, संभाजीराजे आणि येसूबाई यांचे पुत्र, थोरले शाहूमहाराज.

रायगडावरच्या वाघ्यावरून आपल्याकडे वर्षानुवर्षे वाद चालत आले आहेत. खंड्याचे तसे नाही. सातारच्या दरबारी पहिला इंग्रज रेसिडेंट म्हणून आलेल्या ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला, त्यात या कुत्र्याची हकीकत आहे आणि आपल्या बखरकारांनाही तो ठाऊक आहे. भर दरबारात या कुत्र्याच्या अंगावर जरीवस्त्र आणि जडजवाहीर आले, छत्रपतींचे पागोटे त्याच्या मस्तकी चढले, त्याला पालखीचा मान मिळाला आणि त्याच्या नावे जहागिरीच्या सनदाही निघाल्या. कुत्र्यावर जीव टाकणारी माणसे घरोघर असतात. पण इतके? याला वेड म्हणावे की यात काही शहाणपणही होते, हा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही. त्याचे उत्तर शोधायचे तर सातारा सोडून आमच्या नगर जिल्ह्यात, श्रीगोंदा तालुक्यात यावे लागते.

श्रीगोंद्याचे जुने नाव चांभारगोंदे. संतकवी शेख महंमदांचे हे गाव, आणि शाहूमहाराजांचे खापरपणजोबा मालोजीराजे भोसले हे शेख महंमदांचे शिष्य. गावात शिंद्यांचे वाडे आहेत. या शिंदे घराण्याचे मूळ गाव सातारकडचे कण्हेरखेड, आणि तिथल्या शिंद्यांची कन्या शाहूमहाराजांना दिलेली होती. म्हणजे गुरूकडूनही नाते आणि सोयरिकीकडूनही. पण तिसरे नाते फार दुखरे आहे. याच तालुक्यात भीमेच्या काठी पेडगाव आहे आणि पेडगावला बहादूरगड. आता त्याला धर्मवीरगड म्हणतात. १६८९ च्या फेब्रुवारीत औरंगजेबाची छावणी तिथे पडली होती. संगमेश्वरी पकडलेल्या संभाजीराजांना आणि कवी कलशांना तिथे आणले गेले. विदूषकाची टोपी घालून, उंटावर बसवून त्यांची धिंड काढली. ११ मार्चला राजांची हत्या झाली.

ज्याच्या मस्तकी छत्र असायचे त्याच्या डोक्यावर विदूषकाची टोपी! मोगलांना नेमके ठाऊक होते की माणसाचा मान त्याच्या वस्त्रात असतो आणि तो वस्त्रानेच हिरावून घेता येतो. शाहूराजे तेव्हा रायगडावर होते. १८ मे १६८२ चा त्यांचा जन्म, म्हणजे वय सात वर्षांचेही पुरते नव्हते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात रायगड पडला आणि मायलेक मोगलांच्या कैदेत गेले.

पुढची अठरा वर्षे शाहूराजे औरंगजेबाच्या छावणीत वाढले. ही छावणी म्हणजे चालते-बोलते शहर. तंबू उठले की कैदीही उठायचे. बादशहाची कन्या झीनतुन्निसा हिने या मुलावर माया केली, बादशहाने त्यांची लग्नेही लावून दिली. पण कोणी कितीही गोड वागले तरी पहाऱ्यातले लाड ते पहाऱ्यातलेच. आज कोणता सरदार कोणत्या बाजूला, उद्या कोणाला किती मनसब, कोणाची निष्ठा किती हजारांना, हा बाजार त्यांनी लहानपणापासून जवळून पाहिला.

१७०७ साली औरंगजेब नगरजवळ भिंगारला मेला. त्याचा मुलगा आझमशहा गादीसाठी उत्तरेकडे निघाला आणि वाटेत त्याने शाहूराजांना सोडून दिले. येसूबाई मात्र ओलीस राहिल्या. त्यांची सुटका व्हायला १७१९ साल उजाडले. इकडे घरी काय वाढून ठेवले होते? ताराबाईंच्या पक्षाने सांगितले की हा खरा शाहू नव्हेच, तोतया आहे. ज्याच्यासाठी बापाने प्राण दिले आणि आईने कैद भोगली, त्याला आपल्याच मुलखात आपण कोण हे सिद्ध करावे लागले! ऑक्टोबरात खेडला भीमेकाठी लढाई झाली. धनाजी जाधव शाहूंच्या बाजूला आले म्हणून ती निभावली. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास राज्याभिषेक झाला.

या वाटचालीतला एक प्रसंग पुढच्या कथेसाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे. पारद गावच्या पाटलाने शाहूंच्या फौजेला विरोध केला आणि तो चकमकीत मारला गेला. त्याच्या विधवेने आपले मूल आणून शाहूराजांच्या पालखीत घातले. शाहूंनी ते मूल उचलून घेतले, त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले, त्याला पोटच्या पोराप्रमाणे वाढवले. अक्कलकोटच्या राजघराण्याचा तो मूळपुरुष. आपल्या आश्रयाला आलेल्या जिवाची पुढची सोय लावायची, हा या राजाचा स्वभावच होता.

शाहूमहाराजांनी जवळजवळ बेचाळीस वर्षे राज्य केले. बाळाजी विश्वनाथ, बाजीराव आणि नानासाहेब हे तिन्ही पेशवे त्यांनी नेमले. माळवा, गुजरात, वसई, दिल्लीपर्यंतची धडक हे सारे त्यांच्या अमदानीतले. स्वतः ते मोहिमेवर क्वचित जात. रियासतकार सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागद पंचेचाळीस खंडांत छापले. त्यात शाहूमहाराजांचे खाजगी आयुष्यही दिसते. शिकार, घोडे, कुत्री, पक्षी, बागा, झाडे. माणसांचे तंटे दिवसभर ऐकणाऱ्या या राजाचा जीव मुक्या प्राण्यांत रमत असे.

जुन्या काळी दरबाराचे जे अठरा कारखाने मोजत, त्यांत शिकारखाना हा एक. शिकारीचा कुत्रा तयार करणे हे काही हौसेपुरते काम नव्हते. आपल्या महाराष्ट्रात कारवानी जातीची कुत्री अजून आहेत. लांबट तोंड, निमुळती कंबर, उंच पाय. ही कुत्री वासापेक्षा नजरेवर शिकार धरतात. सावज दिसले की सुटतात आणि मग धन्याची हाक कानात शिरणे कठीण. म्हणून शिकवणीतला पहिला धडा पळण्याचा नसतो, पळणे त्यांना उपजतच येते. धडा असतो तो थांबण्याचा आणि परत येण्याचा. घोड्याच्या पायाशी बुजायचे नाही, बंदुकीच्या आवाजाने पळायचे नाही, हाकेसरशी वळायचे. पिल्लू असल्यापासून एकाच माणसाने खाऊ घालायचे, एकच शब्द एकाच स्वरात वापरायचा, थोडा वेळ शिकवायचे पण रोज शिकवायचे. सांगितलेले ऐकले की त्याच क्षणी शाबासकी, घटकाभराने दिलेली कुत्र्याला कळत नाही. मारून शिकवलेला कुत्रा हाक मारल्यावर जवळ येताना बिचकतो, आणि बिचकणारा कुत्रा रानात कामाचा नाही.

निगाही तशीच. अशा कुत्र्यांचे केस आखूड, त्यांना रोज आंघोळीची गरज नसते. ओलसर फडक्याने अंग पुसायचे, कानाच्या मागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहायची, पंजात काटा रुतला आहे का ते चाचपायचे, नखे वाढू द्यायची नाहीत. यातला अर्धा भाग सौंदर्याचा आणि अर्धा आरोग्याचा आहे. पण तिसरेही काही यातून घडते. रोज अंगावरून फिरणारा हात कुत्र्याला ओळखीचा होतो. पुण्या-मुंबईच्या श्वानप्रदर्शनांत परीक्षक कुत्र्याचा जबडा उघडून दात पाहतो, पाठीवरून हात फिरवतो, चालवून बघतो. तेव्हा जो कुत्रा शांत उभा राहतो त्याच्या मागे घरच्या माणसाचे वर्षभराचे रोजचे हात असतात. चषक मात्र एका दुपारी मिळतो.

खंड्याची परीक्षा प्रदर्शनात झाली नाही. ती रानात झाली. वाघाच्या शिकारीत महाराजांच्या जिवावर बेतले आणि या कुत्र्यामुळे ते वाचले. वाघाचा वास आला की कुत्र्याचा स्वाभाविक ओढा पळण्याकडे असतो. शिकवण त्याला काही पावले धरून ठेवते. त्यापुढचे जे काही आहे ते शिकवता येत नाही, ते फक्त मिळते.

त्यानंतर खंड्याला ते मान मिळाले. यावर दोन मते आहेत. ग्रँट डफच्या मते महाराजांच्या मनाला काही काळ भ्रम झाला होता. दोन मराठे सरदार भेटीला यायचे होते, त्या दरबारात त्यांनी कुत्र्याला सजवले आणि आपले पागोटे त्याच्या डोक्यावर ठेवले. पुढे मन ताळ्यावर आले, पण महाराजांनी डोक्यावर पुन्हा काही घातले नाही. बखरीची परंपरा वेगळे सांगते. इंद्रोजी कदम नावाचा सरदार संपत्तीने फुगला होता. घोड्यांना रुप्याचे नाल ठोकी, आणि तेही सैल, म्हणजे वाटेत गळून पडावेत आणि लोकांनी पाहावेत. तो दागिन्यांनी मढून महाराजांच्या भेटीला निघाला. महाराज साध्या पांढऱ्या वस्त्रांत बसले आणि सारे जवाहीर घातले खंड्याच्या अंगावर. इंद्रोजी काय ते उमगला.

आमच्या पिढीला दुसरी कथा गोड वाटते, कारण तिच्यात तात्पर्य आहे. पण पहिलीही मला नुसती वेडाची वाटत नाही. पेडगावच्या छावणीत बापाच्या डोक्यावर विदूषकाची टोपी चढली होती, हे ज्या मुलाला जन्मभर ठाऊक होते त्याला शिरपेचाची किंमत आपल्यापेक्षा अधिक कळत असणार. वस्त्र, पागोटे, पालखी ही दरबारची नाणी. ती सरदारांना वाटता वाटता त्या राजाने चाळीस वर्षे काढली, आणि वाटली तरी रुसवे संपले नाहीत. ज्याने काही मागितलेच नाही असा एक सेवक त्याच्या पदरी होता. त्याला तेच नाणे दिले, तर तो भ्रम होता की हिशेब होता?

मी जन्मभर बँकेत कागद पाहिले, म्हणून सनदांची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दागिने संध्याकाळी उतरवून जामदारखान्यात जातात. जहागीर तशी नसते. कुत्र्याच्या नावे उत्पन्न लावून द्यायचे म्हणजे काय? कुत्रा काही सारा वसूल करायला जाणार नव्हता. त्याचा अर्थ इतकाच की त्याचे खाणे, त्याला सांभाळणारी माणसे आणि त्याचे म्हातारपण कोणा कारभाऱ्याच्या मर्जीवर राहू नये. म्हाताऱ्या आईबापांच्या नावे ठेव ठेवणारी मुले मी पाहिली आहेत आणि न ठेवणारीही. प्रेम दोघांचेही असते म्हणतात. कागद एकाच्याच हातात असतो.

शाहूमहाराजांचे अखेरचे दिवस सुखाचे गेले नाहीत. पोटी वारस राहिला नाही. १७४८ साली राणी सगुणाबाई वारल्या. महाराज अंथरुणाला खिळले आणि बिछान्याभोवती दत्तकाचे राजकारण शिजू लागले. राणी सकवारबाईंचा एक बेत, ताराबाईंचा दुसरा, पेशव्यांची फौज साताऱ्यात. १५ डिसेंबर १७४९ रोजी महाराज गेले. सकवारबाई सती गेल्या. ज्यांना त्यांनी मोठे केले ते सगळे तिथेच होते, आणि बहुतेकांचे डोळे गादीकडे लागले होते. माहुलीच्या घाटावर खंड्याचे स्मारक पाहताना हे आठवले की मन उदास होते.

आता वाघाची शिकार नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने कुत्री घेऊन रानात शिकारीला जाणेही गुन्हा ठरले. ते योग्यच झाले. आपल्या देशी शिकारी कुत्र्यांना मात्र वेगळे दिवस आले आहेत. कारवानीचा भाऊबंद मुधोळ याच्यावर २००५ साली टपाल तिकीट निघाले, २०१६ पासून मेरठच्या लष्करी केंद्रात त्याला शिक्षण मिळू लागले. वाड्या-वस्त्यांवर कारवानी कुत्रा उसाच्या आणि लिंबाच्या बागा राखतो.

पण उसात आता बिबट्या आला आहे. याच जिल्ह्यातल्या अकोले भागात अभ्यासकांनी बिबट्याच्या खाण्याचा माग काढला, तेव्हा त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. वस्तीवर रात्री साखळीने बांधलेला कुत्रा भुंकून घर जागे करतो, आणि पळता येत नसल्याने पहिला तोच जातो. घरचे लोक सकाळी तुटका पट्टा पाहतात, चार दिवस हळहळतात, आणि नवे पिल्लू आणतात.

शाहूमहाराजांनी खंड्याला पालखी दिली. आपल्याला ती परवडायची नाही, आणि कुत्र्यालाही तिचे काही नाही. दिवेलागणीनंतर त्याला दार असलेल्या पडवीत किंवा पत्र्याच्या बंदिस्त खोपीत घ्यावे, कडी लावावी, वर्षाला रेबीजची लस टोचावी आणि म्हातारा झाला म्हणून त्याला दुसऱ्या गावच्या वेशीवर सोडून येऊ नये. एवढ्याला सनद लागत नाही.