आरोपी ते संत : लॉरेन्झो रुईझ



दरवर्षी २८ सप्टेंबर रोजी ख्रिस्तसभा संत लॉरेन्झो रुईझ आणि त्यांच्या सोबत्यांचा सण पाळते. फिलिपिन्स देशाचे हे पहिले संत. ते धर्मगुरू नव्हते, धर्मबंधूही नव्हते. पत्नी आणि तीन मुले असलेले ते संसारी गृहस्थ होते. आणि घर सोडून निघाले तेव्हा त्यांच्यावर खुनाचा आरोप होता!

लॉरेन्झो यांचा जन्म १६०० च्या सुमारास मनिलाजवळील बिनोंदो येथे झाला. वडील चिनी, आई तगालोग. दोघेही ख्रिस्ती. चिनी ख्रिस्ती लोकांसाठी ही वस्ती १५९४ साली वसवण्यात आली होती. लहानपणी लॉरेन्झो तेथील डॉमिनिकन फादरांच्या चर्चमध्ये वेदीसेवक होते. फादरांकडून ते लिहायला-वाचायला शिकले. अक्षर मोत्यासारखे, म्हणून पुढे चर्चचे लेखनिक झाले. जपमाळ संघाचे ते सभासद होते. त्यांना दोन मुलगे व एक मुलगी होती. आपल्या धर्मग्रामात असतात तसेच हे एक साधे, भाविक कुटुंब.

१६३६ साली एका स्पॅनिश माणसाच्या खुनात लॉरेन्झो यांचे नाव घेतले गेले. तो आरोप खोटा होता, अशी ख्रिस्तसभेची परंपरा सांगते. मग निरपराध माणूस पळाला का? याचे उत्तर त्या काळात आहे.

स्पॅनिश लोक येण्यापूर्वी तगालोग लोकांचा न्याय गावातच होत असे. गावाला बारांगाय म्हणत आणि प्रमुखाला दातू. दातू सर्वांसमक्ष तंटा ऐके. निवाडा मान्य नसेल तर दोन्ही पक्षांच्या संमतीने दुसऱ्या गावचा पंच बोलावीत. फ्रान्सिस्कन फादर हुआन दे प्लासेन्सिया यांनी १५८९ मध्ये ही पद्धत लिहून ठेवली आहे. ती निर्दोष नव्हती, पण न्याय करणारा माणूस ओळखीचा असे. पुढे मोठे गुन्हे स्पॅनिश अधिकाऱ्यांच्या हाती गेले. त्यात चिनी वंशाच्या माणसाकडे संशयाने पाहिले जाई. १६०३ च्या बंडानंतर मनिला परिसरात हजारो चिनी मारले गेले होते.

चर्चचा आसरा घ्यावा, तर तोही भरवशाचा राहिला नव्हता. १६३५ साली आपल्या गुलाम स्त्रीचा खून करून एक तोफखान्याचा शिपाई मनिलाच्या ऑगस्टिनियन चर्चमध्ये लपला. गव्हर्नर कोर्क्वेरा यांनी त्याला तेथून बाहेर काढून चर्चसमोरच फाशी दिले. या प्रकरणातून वाद वाढत गेला आणि मे १६३६ मध्ये खुद्द आर्चबिशप गेरेरो यांना काही काळ हद्दपार व्हावे लागले. जिथे आर्चबिशपांचे चालले नाही, तिथे एका लेखनिकाचे कोण ऐकणार?

पुढच्याच महिन्यात डॉमिनिकन फादर अंतोनियो गोन्झालेझ आणि त्यांचे सोबती गुपचूप जहाजाने निघाले. लॉरेन्झो त्यांच्याबरोबर चढले. पत्नी व मुले मागे राहिली. जहाज मकावला जाईल अशी त्यांची समजूत होती, पण ते निघाले होते जपानला. तेथे तेव्हा ख्रिस्ती असणे हाच मोठा गुन्हा होता. ओकिनावा येथे सर्वांना अटक झाली. वर्षभराच्या कैदेनंतर त्यांना नागासाकीला नेण्यात आले.

तेथे छळ सुरू झाला. पोटात बळजबरीने पाणी भरायचे आणि दाबून बाहेर काढायचे, नखांत सुया खुपसायच्या. लॉरेन्झो हादरले. श्रद्धा नाकारली तर जीव वाचेल का, असे त्यांनी दुभाष्याला विचारले. हे आपण लपवू नये. संतही आपल्यासारखेच घाबरतात. पण थोड्याच वेळात त्यांनी मन घट्ट केले आणि आपण ख्रिस्ती आहोत व ख्रिस्तीच मरू, असे न्यायाधीशांना निक्षून सांगितले.

२७ सप्टेंबर १६३७ रोजी त्यांना निशिझाका टेकडीवर नेऊन एका खड्ड्यात डोके खाली करून टांगण्यात आले. माघार घ्यायची असेल तर खूण करण्याची मुभा होती. त्यांनी ती केली नाही. तशाच अवस्थेत त्यांचा प्राण गेला. देह जाळून राख समुद्रात टाकण्यात आली. बिनोंदोच्या घरी पुरायला काहीच परत आले नाही.

ही टेकडी आपल्या वसईकरांना परकी नाही. आपले संत गोन्सालो गार्सिया मनिला येथेच फ्रान्सिस्कन झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी याच टेकडीवर रक्तसाक्षी झाले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी लॉरेन्झो यांना १९८१ मध्ये मनिला येथे धन्य आणि १९८७ मध्ये रोम येथे संत म्हणून घोषित केले. बिनोंदोचे चर्च आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

बंधुभगिनींनो, लॉरेन्झो यांच्यावर दोन आरोप झाले. पहिला खोटा होता, तेव्हा ते पळाले. दुसरा खरा होता, तेव्हा ते जागचे हलले नाहीत. दुसऱ्यासाठी आपण त्यांना संत मानतो. पहिल्याचा विचार मात्र आपण सहसा करत नाही. बिनोंदोत कोणी त्यांची बाजू शांतपणे ऐकून घेतली असती, तर एका घरातला बाप गेला नसता.

फिलिपिन्समध्ये १९७८ पासून कायद्यानेच बारांगायमध्ये समेट मंडळे आहेत. खुनासारखे गुन्हे त्यांच्याकडे जात नाहीत. पण शेजाऱ्यांचे बहुतेक तंटे कोर्टात जाण्याआधी तेथे यावे लागतात आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर बोलावले जाते. आपल्याकडे मात्र कोणाचे नाव एखाद्या प्रकरणात आले, की चर्चच्या पायऱ्या उतरता उतरताच आपण निकाल देऊन मोकळे होतो. त्याच्या पत्नीशी बोलणे टाळतो. त्याच्या मुलांना वेगळे पाडतो. या आठवड्यात असे एखादे घर आठवले, तर त्या घरी जाऊन या. निवाडा करायला नको, नुसते बसायला जा.

संत लॉरेन्झो रुईझ, आम्हांसाठी विनंती करा.