विश्लेषण : ‘आरएसएस फीड’ आणि ग्रंथपाल रंगनाथन यांचे नाते काय?

मोबाइलवर दिवसभर नोटिफिकेशन्स आदळतात, तरी आपल्या कामाची बातमी हुकतेच. यावरचा एक जुना, साधा उपाय म्हणजे ‘आरएसएस फीड’. वाचकाने नवे साहित्य शोधत फिरू नये, ते त्याच्याकडे यावे, हा त्यामागचा विचार. इंटरनेटच्या कितीतरी आधी भारतीय ग्रंथालयांत हा विचार रुजवला तो शियाळी रामामृत रंगनाथन यांनी.

गणिताचे प्राध्यापक ग्रंथपाल कसे झाले?

रंगनाथन यांचा जन्म १८९२ साली तमिळनाडूतील शियाळीचा. गणितात एम.ए. करून ते मद्रासच्या सरकारी कॉलेजात शिकवत होते. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले. मात्र तिथल्या शुकशुकाटाला ते लगेच कंटाळले आणि पुन्हा शिकवायला जाऊ द्या, म्हणून मागे लागले. आधी इंग्लंडला जाऊन प्रशिक्षण घ्या, तरीही मन रमले नाही तर परत या, अशी तडजोड निघाली.

लंडनमध्ये काय घडले?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकताना त्यांनी तिथली अनेक ग्रंथालये पाहिली. मुले, कामगार, गृहिणी असे सगळेच तिथे येत. ग्रंथालय हे पुस्तकांचे कोठार नसून लोकांची सोय आहे, हे त्यांना उमगले. १९२५ मध्ये ते परतले, ते ग्रंथपाल म्हणूनच राहायचे ठरवून.

त्यांचे योगदान कोणते?

मद्रासमध्ये त्यांनी कपाटे वाचकांसाठी खुली केली, मदतीला जाणकार कर्मचारी नेमले. १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडणारा त्यांचा ग्रंथ आला. त्यातला चौथा सिद्धांत वाचकाचा वेळ वाचवण्याचा. पुढे शोधनिबंधांचा पूर वाढला, तेव्हा नव्या लेखांची नोंद करून ती योग्य संशोधकापर्यंत पोहोचवण्याच्या कामावर त्यांनी भर दिला. त्याच्या प्रशिक्षणासाठी १९६२ मध्ये बंगळूरुत केंद्र उभारले.

मग आरएसएस फीडचा संबंध काय?

आरएसएस फीड १९९९ मध्ये ‘नेटस्केप’ कंपनीने आणली. संकेतस्थळ आपल्या नव्या मजकुराची यादी ठरावीक साच्यात ठेवते. तुमच्या मोबाइलमधले फीड रीडर अ‍ॅप ती अधूनमधून तपासते आणि नवे तेवढे तुमच्यासमोर मांडते. कोणती संकेतस्थळे घ्यायची, हे तुम्ही ठरवता. ग्रंथालयांतल्या ‘कोहा’ या मोफत संगणक प्रणालीतही ही सोय आहे. एखाद्या विषयाच्या शोधाची फीड घेतली की त्या विषयावरचे नवे पुस्तक दाखल झाल्याचे घरबसल्या कळते.

यंत्राने ग्रंथपालाचे काम संपते का?

नाही. दोनशे फीड घेतल्या तर पुन्हा तोच पूर. वाचकाला नेमके काय हवे, हे ओळखणारा माणूस रंगनाथन यांना ग्रंथालयात हवा होता. विद्यार्थ्यांना, संशोधकांना मोजक्या फीड निवडून देणारा ग्रंथपाल आज तेच काम करतो.

आयुष्यभराच्या बचतीतून रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी मद्रास विद्यापीठाला एक लाख रुपये दिले. १९७२ मध्ये बंगळूरुत त्यांचे निधन झाले. १२ ऑगस्टला देशभर ग्रंथपाल दिन साजरा होतो, तो त्यांच्याच स्मरणार्थ.