डायनोसॉर शोधणाऱ्या डॉक्टरांची पाठदुखी

लंडनच्या दक्षिण भागातील क्रिस्टल पॅलेस पार्कमध्ये मुलाबाळांना घेऊन आलेली कुटुंबे तळ्याकाठी हमखास थांबतात. झाडीतून विटा-सिमेंटचे अवजड प्राणी डोकावत असतात. हे पुतळे १८५४ पासून तेथे आहेत. त्यांतील दोन इग्वानोडॉनच्या नाकावर गेंड्यासारखे शिंग आहे. हे शिंग चुकीचे आहे. ही चूक आणि मुळात हा प्राणीही जगासमोर आणला तो एका डॉक्टरने. त्यांचे नाव गिडियन मॅन्टेल.

मॅन्टेल यांचा जन्म १७९० मध्ये इंग्लंडमधील लुईस या गावी एका चांभाराच्या घरी झाला. शल्यचिकित्सेचे शिक्षण घेऊन त्यांनी गावातच दवाखाना सुरू केला. दिवसभर रुग्ण, रात्री-अपरात्री बाळंतपणे आणि उरलेल्या वेळात जीवाश्म, असा त्यांचा दिनक्रम होता. १८२२ च्या सुमारास त्यांच्या हाती काही मोठे, झिजलेले दात आले. हे दात पत्नी मेरी अ‍ॅन यांना सापडले, असे सांगितले जाते. फ्रान्सचे नामवंत शास्त्रज्ञ क्युव्हिए यांना ते आधी गेंड्याचे वाटले. मॅन्टेल यांनी मात्र हेका सोडला नाही. हे दात इग्वाना सरड्याच्या दातांसारखे, पण कितीतरी मोठे असल्याचे त्यांनी दाखवून दिले आणि १८२५ मध्ये त्या प्राण्याला इग्वानोडॉन हे नाव दिले. डायनोसॉर हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता. तो रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये रूढ केला.

या वेडाची किंमत घराने मोजली. १८३३ मध्ये मॅन्टेल ब्रायटनला गेले. तेथे राहत्या घराचेच संग्रहालय झाले. बघे वाढले, रुग्ण घटले. अखेर संग्रह ब्रिटिश म्युझियमला विकावा लागला. १८३९ मध्ये पत्नी घर सोडून गेली, मुलगा न्यूझीलंडला निघून गेला आणि पुढच्याच वर्षी लाडकी लेक हॅना वारली.

१८४१ मध्ये घोडागाडीच्या अपघातात त्यांच्या पाठीला जबर मार बसला. त्यानंतर कण्याच्या वेदनांनी त्यांची पाठ सोडली नाही. वेदना शमवण्यासाठी ते अफू घेऊ लागले. त्या काळी अफू हेच हाताशी असलेले प्रभावी वेदनाशामक होते. शरीराला तिची सवय होते, तोच परिणाम मिळवायला मात्रा वाढवावी लागते आणि जास्त मात्रेने श्वास मंदावतो. आजच्या अफूजन्य औषधांनाही हे लागू आहे. म्हणूनच अशा गोळ्यांची मात्रा स्वतःच्या मनाने कधीही वाढवू नये. पाठदुखीबरोबर पाय बधिर होणे किंवा लघवीवरील ताबा जाणे अशी लक्षणे दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

क्रिस्टल पॅलेसच्या पुतळ्यांसाठी आधी मॅन्टेल यांनाच विचारणा झाली होती. प्रकृतीमुळे त्यांनी नकार दिला. मग ओवेन यांच्या सल्ल्याने वॉटरहाउस हॉकिन्स यांनी पुतळे घडवले. इग्वानोडॉनचे पुढचे पाय मागच्या पायांपेक्षा सडपातळ असावेत, हे मॅन्टेल यांच्या उतारवयात ध्यानात आले होते. पुतळ्यांचे चारही पाय मात्र जाडजूडच राहिले. पुतळे उभे राहिलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १० नोव्हेंबर १८५२ रोजी, अफूची मोठी मात्रा घेतल्यानंतर, वयाच्या ६२ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात त्यांचा कणा वाकलेला आढळला. तो शल्यचिकित्सकांच्या संग्रहालयात नमुना म्हणून ठेवला गेला. आयुष्यभर इतरांची हाडे तपासणाऱ्याचे हाडच अभ्यासाचा विषय झाले.

१८७८ मध्ये बेल्जियममधील एका कोळसा खाणीत इग्वानोडॉनचे अनेक सांगाडे सापडले, तेव्हा ते शिंग प्रत्यक्षात अंगठ्याचे असल्याचे कळले. उद्यानातील शिंग मात्र कोणी काढले नाही. ज्ञान चुका सुधारतच पुढे जाते, हे मुलांना दाखवायला त्याहून चांगली जागा कोणती?