एर्जे : निरागसतेचा हिशेब

मुलांसाठी चित्रे काढणाऱ्या कलावंताला समाज राजकारणाचा जाब सहसा विचारीत नाही. करमणूक हे त्याचे क्षेत्र आणि निरागसता हे त्याचे भांडवल, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक किती तकलादू आहे, हे टिनटिन या साहसी तरुण वार्ताहराचे जनक एर्जे यांच्या चरित्रावरून ध्यानी येते.

त्यांचे खरे नाव झॉर्ज रेमी. नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने घेऊन फ्रेंच पद्धतीने उच्चारली की ‘एर्जे’ हे टोपणनाव तयार होते. २२ मे १९०७ रोजी ब्रुसेल्सलगतच्या एत्तरबेक येथे त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण संपताच ते एका कॅथलिक दैनिकाच्या वर्गणीदार विभागात चिकटले. या पत्राचे संपादक नोर्बेर वाले हे धर्मोपदेशक असून मुसोलिनीचे चाहते होते. त्यांनी १९२८ साली मुलांच्या साप्ताहिक पुरवणीची धुरा या तरुणावर सोपविली आणि १० जानेवारी १९२९ रोजी टिनटिन अवतरला.

पहिल्या कथेत तो सोव्हिएत रशियात गेला, दुसऱ्या कथेत बेल्जियमची वसाहत असलेल्या काँगोमध्ये. एर्जे यांनी हे दोन्ही देश पाहिलेले नव्हते. रशियाचे चित्र एका साम्यवादविरोधी पुस्तकावरून रंगले, तर काँगोच्या कथेत टिनटिन आफ्रिकी मुलांना बेल्जियम हीच त्यांची मातृभूमी असल्याचा धडा देतो. १९४६ साली कथा नव्याने काढताना त्या जागी बेरजेचा पाठ आला. मालकाचे मत मुलांच्या पानावर किती सहज उतरते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

१९३४ साली मात्र एक महत्त्वाची घटना घडली. टिनटिन आता चीनला जाणार हे कळताच चिनी विद्यार्थ्यांच्या एका पाद्री मार्गदर्शकाने एर्जे यांना सावध केले. त्यातूनच ब्रुसेल्सच्या कला अकादमीतील शांघायचा विद्यार्थी चांग चोंगरेन याच्याशी त्यांची मैत्री जुळली. चांगने त्यांना चीनची चित्रकला, लिपी आणि राजकारण समजावून दिले. परिणामी ‘निळे कमळ’ या कथेत १९३१ च्या मुकदेन स्फोटामागील जपानी कपट स्पष्टपणे चितारले गेले, आणि जपानी राजनैतिक प्रतिनिधींनी निषेध नोंदविला. अज्ञान दूर झाले की लेखणी कशी बदलते, याचा हा पुरावा होय.

तथापि पुढील अध्याय इतका सुखद नाही. मे १९४० मध्ये जर्मनांनी बेल्जियम व्यापला व जुने दैनिक बंद पडले. एर्जे त्याच वर्षी जर्मन नियंत्रणाखालील ‘ल स्वार’ या मोठ्या खपाच्या पत्रात दाखल झाले. कागदटंचाईमुळे पुरवणी गेली आणि चित्रकथा रोजच्या छोट्या पट्टीत आली. पुस्तकेही बासष्ट रंगीत पानांत बसवावी लागली. आज अभिजात मानला जाणारा हा आकार टंचाईतून निपजला, ही अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला चिंतनीय वाटणारी बाब. परंतु याच काळातील ‘उल्का’-कथेत ज्यू नावाचा धनलोभी अमेरिकी सावकार खलनायक म्हणून आला. ते नाव नंतर बदलावे लागले.

सप्टेंबर १९४४ मध्ये ब्रुसेल्स मुक्त होताच एर्जे यांना अटक झाली. खटला भरला गेला नाही, तरी सुमारे दोन वर्षे त्यांना वृत्तपत्रांची दारे बंद राहिली. प्रतिकार चळवळीत भाग घेतलेल्या रेमों लब्लाँ यांनीच १९४६ साली ‘टिनटिन’ साप्ताहिक काढून त्यांना पुन्हा उभे केले. इतर कामकऱ्यांप्रमाणे आपणही केवळ आपला व्यवसाय करीत होतो, अशी एर्जे यांची भूमिका राहिली. ती पटण्याजोगी नाही. पाववाल्याचा पाव कोणाचेही मत बदलीत नाही; चित्रकथा मात्र वाचकाला पत्राकडे खेचते, आणि त्या पत्रात व्यापणाऱ्यांच्या बातम्या असतात. रशिया व काँगोच्या वेळी अज्ञान ही सबब होती. १९४० साली तीही उरली नव्हती.

उत्तरायुष्यात वैवाहिक कलहाने आणि शुभ्र हिमाच्या दुःस्वप्नांनी ते खचले. त्या अवस्थेत, १९५८-५९ मध्ये, त्यांनी ‘तिबेटमध्ये टिनटिन’ रचली. टिनटिन दिल्ली व काठमांडूमार्गे हिमालयात जातो, तो हरवलेल्या चांग नावाच्या मित्रासाठी. या कथेत खलनायकच नाही. खऱ्या चांगची भेट १९८१ साली झाली. ३ मार्च १९८३ रोजी एर्जे निवर्तले. आपल्या पश्चात टिनटिन दुसऱ्या कोणी काढू नये, ही त्यांची इच्छा पाळली गेली.

त्यांची पुस्तके मुलांच्या हातून काढून घ्यावीत, असे म्हणणे अविचाराचे ठरेल. ‘निळे कमळ’ आणि काँगोची कथा एकाच हाताने काढली आहे, हे मात्र वडीलधाऱ्यांनी मुलांना सांगितले पाहिजे. पहिलीमागे एक जाणता मित्र होता, दुसरीमागे एक हुकमी संपादक. मुलांच्या पानामागे कोण उभे आहे, हा प्रश्न कोणत्याही काळी व कोणत्याही भाषेत विचारण्याजोगा आहे.