न्यायमूर्ती मुकुंदराव जयकर

सन १९३८ मधील गोष्ट आहे. त्या काळी वर्धा जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात मोडत असे व प्रांताची राजधानी नागपूर ही होती. वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट येथील बाजारपेठांकडे कापसाने भरलेल्या बैलगाड्यांच्या रांगा जात; त्यांच्यामधून एखादी मोटार धुरळा उडवीत निघून जाई. अशा मोटारींना लागणाऱ्या पेट्रोलच्या किरकोळ विक्रीवर प्रांतिक सरकारने शेकडा पाच या दराने कर बसविला. कर लहानसाच होता. पण त्यातून मोठा वाद उपस्थित झाला. असा कर बसविण्याचा अधिकार प्रांताला आहे, की तो केवळ दिल्लीच्या मध्यवर्ती सरकारचा आहे? हा प्रश्न ज्या तीन न्यायाधीशांपुढे गेला, त्यांपैकी एक महाराष्ट्रीय होते. त्यांचे नाव मुकुंद रामराव जयकर.

मुकुंदरावांचा जन्म १३ नोव्हेंबर १८७३ रोजी झाला. त्यांचे शिक्षण मुंबईस झाले. पुढे ते विलायतेस गेले आणि तेथे बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या हायकोर्टात वकिली करू लागले. त्यांची वाणी शुद्ध व भारदस्त होती आणि कायद्याचा व्यासंग सखोल होता. अशा वकिलास धन आणि मान यांची वाण पडत नाही. मुकुंदरावांनाही ती पडली नाही. परंतु आपले ज्ञान केवळ श्रीमंत पक्षकारांच्या उपयोगी पडावे, एवढ्यावर त्यांचे समाधान नव्हते. त्या ज्ञानाची खरी कसोटी पाहणारा प्रसंग लवकरच आला.

१३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसर येथील जालियनवाला बागेत जमलेल्या निःशस्त्र लोकांवर जनरल डायरने गोळीबार केला. शेकडो माणसे प्राणास मुकली. त्यानंतर पंजाबात लष्करी कायदा पुकारण्यात आला. अमृतसरच्या एका गल्लीतून जाणाऱ्यांस पोटावर सरपटत जावे लागे. कित्येकांना भर रस्त्यात फटके मारण्यात आले. सरकारने चौकशीसाठी हंटर समिती नेमली. परंतु तुरुंगात असलेल्या पंजाबी पुढाऱ्यांची सुटका न झाल्यामुळे राष्ट्रसभेने तिच्यावर बहिष्कार घातला. मग पीडित लोकांची बाजू जगापुढे यावी कशी? त्यासाठी राष्ट्रसभेने आपली स्वतंत्र समिती नेमली. पंडित मोतीलाल नेहरू हे राष्ट्रसभेचे अध्यक्ष निवडले गेल्यामुळे त्या समितीतून निघाले आणि त्यांच्या जागी मुकुंदरावांची निवड झाली. महात्मा गांधी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजी हे त्यांचे सहकारी होते.

मुंबईतील आपले काम बाजूस सारून मुकुंदराव पंजाबात गेले. ज्यांना कोणी वकील नव्हता, अशांचे ते वकील झाले. समितीने सतराशेहून अधिक लोकांच्या जबान्या तपासल्या. मुलगा गमावलेली आई, पती गमावलेली पत्नी, फटके खाल्लेला दुकानदार, असे कितीतरी लोक आपली कहाणी सांगत होते. ती ऐकून कोणाचेही रक्त तापले असते. परंतु संताप हा काही पुरावा नव्हे. ज्या जबानीविषयी शंका वाटली, ती समितीने वगळली. शेवटी सुमारे साडेसहाशे जबान्या निवडून मार्च १९२० मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात अतिशयोक्ती नव्हती, म्हणूनच त्याला वजन आले. दुःखी माणसाचा कैवार घ्यावा, पण सत्याला मुरड घालू नये, हा धडा या कामाने घालून दिला.

पुढील काळात मुकुंदराव मुंबईच्या कायदेमंडळात आणि त्यानंतर दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून आले. सन १९२७ मध्ये देशातील रस्त्यांचा विचार करण्यासाठी एक समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्षस्थान त्यांना मिळाले. मोटारी वाढत चालल्या होत्या, पण रस्ते मात्र बैलगाडीच्या काळातलेच होते. ते नीट राखण्याचा खर्च प्रांतांना व लोकलबोर्डांना झेपत नव्हता. म्हणून मध्यवर्ती सरकारने पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर घ्यावा आणि ते उत्पन्न केवळ रस्त्यांसाठी निराळे ठेवावे, अशी शिफारस या समितीने केली. त्याप्रमाणे सन १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ता निधी स्थापन झाला.

सन १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाने सारा देश हलून गेला. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते आणि नेहरू पितापुत्र नैनीच्या तुरुंगात होते. अशा वेळी मुकुंदराव आणि सर तेजबहादुर सप्रू हे दोघे व्हाइसरॉय व बंदिवासातील पुढारी यांच्यामध्ये समेट घडवून आणण्यास पुढे झाले. त्यांनी तुरुंगांच्या खेपा घातल्या. दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकले आणि एकाचे दुसऱ्यास समजावून सांगितले. त्या वर्षी त्यांना यश आले नाही. मध्यस्थाचे काम मोठे अवघड असते. दोन्ही बाजूंचा रोष त्यालाच सोसावा लागतो. पण या दोघांनी चिकाटी सोडली नाही. मार्च १९३१ मध्ये गांधी-आयर्विन करार झाला, त्यास त्यांची खटपट उपयोगी पडली. पुढे सप्टेंबर १९३२ मध्ये पुणे करार झाला, त्यावरही मुकुंदरावांची सही आहे.

याच सुमारास लंडन येथे गोलमेज परिषदा भरल्या. हिंदुस्थानातील प्रांतांना काही बाबतींत स्वतःचा कारभार मिळावा आणि सर्वांचे मिळून एक संघराज्य व्हावे, असा विचार तेथे चालला होता. त्या संघराज्याची घडी कशी असावी, हे ठरविणाऱ्या समितीत मुकुंदराव बसले. जेथे एकाच देशात दोन सरकारे असतात, तेथे त्यांच्या अधिकारांविषयी भांडण होणारच. त्याचा निवाडा करण्यास एक स्वतंत्र न्यायालय असले पाहिजे. सन १९३५ च्या कायद्याने अशा न्यायालयाची तरतूद केली आणि १ ऑक्टोबर १९३७ रोजी दिल्ली येथे फेडरल कोर्ट स्थापन झाले. सर मॉरिस ग्वायर हे मुख्य न्यायाधीश झाले. सर शाह मुहम्मद सुलेमान आणि मुकुंदराव जयकर हे त्यांचे दोन सहकारी होते. लोकांची वकिली करणारे मुकुंदराव आता न्यायासनावर बसले.

पेट्रोलच्या कराचा वाद याच न्यायालयापुढे आला. नव्या न्यायालयापुढील हा पहिला मोठा प्रश्न होता, आणि तो खुद्द गव्हर्नर जनरलने सल्ल्यासाठी पाठविला होता. मध्यवर्ती सरकारचे म्हणणे असे की, देशात तयार होणाऱ्या मालावर उत्पादन शुल्क घेण्याचा अधिकार आपला आहे, व पेट्रोलच्या विक्रीवरील कर हे त्याचेच एक रूप आहे. प्रांताचे म्हणणे असे की, मालाच्या विक्रीवर कर बसविण्याचा अधिकार कायद्याने प्रांताला स्पष्ट शब्दांत दिला आहे. प्रश्न केवळ मध्यप्रांताचा नव्हता. शाळा, दवाखाने, शेती ही सर्व कामे प्रांतांवर सोपविलेली होती. त्यांचे उत्पन्नाचे साधनच काढून घेतले, तर ती कामे चालणार कशी? म्हणून इतर प्रांतांचे लक्षही या निकालाकडे लागले होते.

मुकुंदरावांच्या दृष्टीने हा प्रसंग नाजूक होता. मध्यवर्ती सरकारच्या पेट्रोलवरील वाढीव कराची शिफारस दहा वर्षांपूर्वी त्यांच्याच समितीने केली होती. शिवाय न्यायालय दिल्लीस, मध्यवर्ती सरकारच्या शेजारी भरत होते. परंतु न्यायासनावर बसलेल्या माणसाने आपले जुने मत आणि सत्तेचे सान्निध्य, दोन्ही विसरावयाचे असतात. तिन्ही न्यायाधीशांनी दोन्ही पक्षांचे म्हणणे सविस्तर ऐकून घेतले. २ डिसेंबर १९३८ रोजी त्यांनी आपापले मत निरनिराळे लिहून दिले; पण निष्कर्ष एकच होता. प्रांताचा कर कायदेशीर ठरला. मध्यवर्ती सरकारच्या अधिकाराचा अर्थ फार व्यापक केला, तर प्रांताला दिलेला अधिकार नावापुरताच उरेल. म्हणून दोन्ही अधिकारांना अर्थ राहील अशा रीतीनेच कायदा वाचला पाहिजे, हे त्या निकालाचे सार होते. दिल्लीतील न्यायालयाने दिल्लीच्या सरकारविरुद्ध मत दिले आणि या नव्या न्यायालयाविषयी लोकांच्या मनात विश्वास उत्पन्न झाला.

सन १९३९ मध्ये मुकुंदरावांची नेमणूक लंडन येथील प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर झाली. हिंदुस्थानातील खटल्यांचे शेवटचे अपील त्या काळी तेथे चाले. तेथून परतल्यावर सन १९४६ मध्ये ते घटना समितीचे सभासद झाले. पंडित जवाहरलाल नेहरू यांनी घटनेच्या उद्दिष्टांचा ठराव मांडला, तेव्हा मुस्लिम लीगचे व संस्थानांचे प्रतिनिधी सभेत आलेले नव्हते. त्यांची वाट पाहावी, त्यांचे ऐकल्यावाचून अखेरचा निर्णय करू नये, अशी सूचना मुकुंदरावांनी मांडली. ती पुष्कळांना रुचली नाही. तथापि सभेने ठरावावरील मतदान पुढील महिन्यापर्यंत लांबणीवर टाकले. जानेवारी १९४७ मध्ये ठराव मंजूर झाला. त्याच वर्षी मुकुंदराव समितीतून निवृत्त झाले. फाळणीमुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची बंगालमधील जागा गेली होती. मुकुंदरावांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर ते मुंबई प्रांतातून निवडून आले आणि पुढे घटनेचे शिल्पकार ठरले.

आयुष्याच्या उत्तरकाळात मुकुंदरावांनी पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरुपद भूषविले. सन १९४८ पासून सन १९५६ पर्यंत त्यांनी त्या संस्थेची पायाभरणी केली. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. १० मार्च १९५९ रोजी मुंबई येथे त्यांचे देहावसान झाले. तत्पूर्वीच, सन १९५० मध्ये, फेडरल कोर्टाची जागा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने घेतली होती.

वकिलाने एका पक्षाची बाजू मांडावयाची असते आणि न्यायाधीशाने दोन्ही पक्षांना सारखे लेखावयाचे असते. ही दोन कामे परस्परविरुद्ध भासतात. पण मुकुंदरावांच्या चरित्रात ती एकाच सूत्रात ओवलेली दिसतात. पंजाबातील अनाथ विधवेचे म्हणणे असो, मध्यप्रांताच्या सरकारचे असो, वा सभेत न आलेल्या विरोधकाचे असो, ते ऐकून घेतल्यावाचून न्याय पुरा होत नाही, अशी त्यांची निष्ठा होती. तिच्यासाठी त्यांनी कधी कष्ट सोसले, तर कधी लोकांची नाराजी पत्करली.